बेनापोलचा बर्फ

कोलकाता
१२ जानेवारी १९९८

श्रीमती रेहनुमा सुलताना यांस,

हुगली मत्स्य भांडारतर्फे नमस्कार. असं भांडार जगात कुठेही नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुमची मधुमती फिश कंपनीही नाही. तरी पुढचे तीन महिने आपण दोघींनी गंभीर चेहरा करून एकमेकींशी व्यवहार करायचा आहे, कारण आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या परीक्षेतले निम्मे गुण यावरच आहेत.

आमचे लाहिरीसर आणि तुमचे मोतालेबसर लंडनला एका खोलीत राहून शिकले. त्यांच्या मैत्रीची किंमत आता आपण मोजायची. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या वाट्याला तुम्ही आलात. मी घेणार, तुम्ही विकणार. माल म्हणजे पद्मा नदीतला इलिश मासा, दुर्गापूजेसाठी. भेटायचं नाही, फोन करायचा नाही, जे काही बोलायचं ते टपालाने. पंधरा एप्रिलच्या आत दोघींच्या सह्यांचा करार दोन्ही सरांच्या हातात पडला नाही, तर दोघींनाही शून्य. पडला, तर करार जिच्या बाजूला झुकलेला तिला जास्त गुण. खेळ सुरू करणारी मी, म्हणून नियम कळवण्याचं काम माझ्याकडे होतं. ते झालं.

भाव दोन्ही सरांनी आधीच ठरवून दिलाय, त्यामुळे त्यावर भांडता येणार नाही. भांडायला उरला तो बर्फ. मासा बर्फात येणार, ट्रक बेनापोलच्या सीमेवर रांगेत उभा राहणार, बर्फ वितळणार, मासा मऊ पडणार. तो नासका मासा कुणाचा? तुमचा, असं आमचं म्हणणं आहे. कळवावे.

आपली,
शर्वरी गुहठाकुरता


ढाका
२७ जानेवारी १९९८

शर्वरीदीदी,

आदाब. दीदी म्हटलेलं चालेल ना? ‘श्रीमती’ वाचून मी मागे वळून बघितलं, कुणी म्हातारी बाई उभी आहे की काय.

आता कामाचं. सीमेपर्यंत मासा आमचा, सीमेपलीकडे तुमचा. ट्रकचं पुढचं चाक तुमच्या देशात शिरलं की नासला तरी तुमचा, पोहायला लागला तरी तुमचा. मी मागुऱ्याची, नदीकाठची. इलिशचं पोट दाबून तो किती तासांचा आहे हे सांगणाऱ्या बायकांत वाढलेय, तेव्हा मऊ माशाच्या गोष्टी मला सांगू नका.

आणि खरं बोलायचं तर गरज तुम्हाला आहे. पूजेला ताटात इलिश नसेल तर तुमच्याकडे घराघरांत सुतक पाळतील. मी विकला नाही तर आमच्या बाजारात हातोहात जाईल. तुम्ही घोटी, म्हणजे पश्चिमेकडचे बंगाली, डाळीतसुद्धा साखर घालता असं ऐकलंय. इलिश नाही मिळाला तर साखरभात खा!

रागावू नका हं. बेनापोलपर्यंत, त्यापुढे एक पाऊलही नाही.

रेहनुमा


कोलकाता
९ फेब्रुवारी १९९८

रेहनुमा,

घोटी कुणाला म्हणतेस गं? आम्ही गुहठाकुरता, मूळचे तुमच्याच बाजूच्या बारिशालचे. माझे आजोबा फाळणीत इकडे आले ते एक ट्रंक आणि तिखट जीभ घेऊन. घरात इलिश शिजला की पहिला घास तोंडात घालून म्हणतात, “ह्यॅ, हा कसला इलिश!” आणि तीन तुकडे संपवतात. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. तुझ्या कंपनीचं मधुमती हे नाव, तिकडच्या नदीचं, ऐकून त्यांनी पत्र परत पहिल्यापासून वाचायला लावलं. मग म्हणाले, त्या पोरीला लिही, आपल्याकडच्या मुलींसारखी भांडते.

तेव्हा आता ‘तुम्ही’ पुरे.

कामाचं म्हणशील तर तुझी गोष्ट मला मान्य नाही. रांग लागते ती तुमच्या बाजूला, ट्रक तुमचा, ड्रायव्हर तुमचा, तो वाटेत जेवायला थांबून झोपला तर मी कुणाच्या नावाने बोंब मारू? मासा सियालदाच्या बाजारात काट्यावर चढेपर्यंत तुमचा. आणि तो चांगला की वाईट हे आमचा माणूस बोट लावून सांगेल, त्याचा शब्द अखेरचा.

तू फार चांगलं भांडतेस, पण तू कोण आहेस ते कळत नाही. घरी कोण कोण? हे शिकायला कशी आलीस? आमच्या वर्गातल्या मुली नुसत्या केसांबद्दल बोलतात. मासे विकणारीला बाजूला ठेव आणि मला एकदा रेहनुमाचं पत्र येऊ दे.

शर्वरी


ढाका
२२ फेब्रुवारी १९९८

दीदी,

पांढऱ्या कागदावर कामाचं वेगळं लिहिलंय, ते फायलीसाठी. हा गुलाबी कागद फक्त तुझा.

काल एकुशे, भाषेसाठी मेलेल्यांचा दिवस. आम्ही सगळ्या हॉलमधून, म्हणजे वसतिगृहातून, पहाटे अनवाणी निघालो, शहीद मिनारवर फुलं वाहिली. माझ्या टाचेत खडा रुतला आणि शेजारची मुलगी म्हणाली, शहिदांसाठी एवढं तरी सोस! मी सोसलं, आणि परत आल्यावर तिला दोन शिव्या दिल्या.

तू विचारलंस म्हणून सांगते. अब्बा नाहीत. मोठा भाऊ आहे, आम्ही त्याला मियाभाई म्हणतो. मागुऱ्यात त्याचं कापडाचं दुकान. मी ढाक्याला आले ती भाबी माझ्यासाठी भांडली म्हणून. तिने दोन दिवस चूल पेटवली नाही तेव्हा मियाभाई हो म्हणाला. पण त्याने अट घातलीय. वर्गात पहिली आलीस तर पुढे शिक, विद्यापीठात नोकरी कर, मी मध्ये येणार नाही. दुसरी आलीस तरी घरी यायचं आणि मी दाखवीन त्याच्याशी लग्न करायचं. तो वाईट नाही, दीदी. पण बोलला की बोलला. आता पहिली येणं या माशांवर अडकलंय. बाकीच्या पेपरांत मी पुढे आहे, इथे शून्य मिळालं तर सगळं गेलं. रात्री झोपेत मला बर्फ वितळताना दिसतो. हसू नकोस.

आमच्या नानी सई पातायच्या. तुझ्या आजोबांना ठाऊक असेल. दोन मुली एकमेकींना काहीतरी देतात, दोघींचं मिळून एकच नाव ठरवतात, आणि मग मरेपर्यंत एकमेकींना त्याच नावाने हाक मारतात. सई झाली की ती बहिणीहून जवळची. नानीची सई हिंदू होती, ती गेली तेव्हा नानीने तिच्यासाठी चाळीस दिवस मासा खाल्ला नाही. तू माझी सई होशील? सोबत रुमाल पाठवते, टाके मीच घातलेत. नाव मी ‘करमचा’ ठरवलंय. लोणच्याचं ते आंबट लाल फळ. आपल्या दोघींच्या जिभेला शोभेल.

तुझी,
रेहनुमा (उत्तर येईपर्यंतच)


कोलकाता
१४ मार्च १९९८

करमचा,

झाले तुझी सई. आजोबांना विचारलं, ते म्हणाले अशा नात्यात परत फिरता येत नाही, विचार करून हो म्हण. मी विचार केला नाही. सोबत केसातला चाप आहे, गोरियाहाटच्या फुटपाथवरून भांडून घेतलाय.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तुझ्या मियाभाईला एकदा भेटायला हवं. काळजी करू नकोस, मी आहे ना. उत्तराला उशीर झाला कारण घरी रंगकाम चाललंय आणि लेखणी सापडत नव्हती.

कामाच्या कागदावर मी जरा कडक लिहिलंय, ते मनावर घेऊ नकोस. लाहिरीसर मधूनमधून कागद बघतात, त्यांना काहीतरी दाखवायला हवं. आत्ता तू थोडी मागे सर, शेवटच्या मसुद्यात मी मागे सरेन. सीमा ओलांडून आमच्या बाजूच्या नाक्यापर्यंत मासा तुझा, एवढं आत्ता मान्य कर.

तुझी,
करमचा


ढाका
२४ मार्च १९९८

करमचा,

चाप लावूनच लिहितेय. खोलीतल्या मुली विचारतात कुणी दिला, मी म्हणते परदेशी मालाची आयात झालीय.

तुझ्या नाक्यापर्यंत मान्य. पांढऱ्या कागदावर सही करून पाठवलंय. मोतालेबसर बघून म्हणाले, “कशाला सोडलंस? बाजू तुझी भक्कम होती.” सरांना कसं सांगू की समोर सई आहे?

फक्त उत्तर लवकर धाड. इथे हरताळावर हरताळ चाललेत, टपाल कधी येतं कधी नाही. पंधरा एप्रिल म्हणजे पोयला बोइशाखचा, आपल्या नववर्षाचा सुमार, पुढेमागे सुट्ट्या. शेवटचा मसुदा आत्ताच पाठवलास तर मी निवांत झोपेन. तू मागे सरणार होतीस तेही त्यात लिही.

तुझी करमचा


कोलकाता
४ एप्रिल १९९८

करमचा,

शेवटचा मसुदा सोबत आहे. मासा सियालदाच्या काट्यावर चढेपर्यंत तुझा. चांगला की वाईट हे आमचा माणूस ठरवणार, त्यावर तक्रार नाही. महालयेच्या अमावास्येनंतर पोचला तर आम्ही घ्यायला बांधील नाही, आणि परत न्यायचं गाडीभाडंही तुझं. यातला एक शब्दही बदलणार नाही. बदलून पाठवलास तर मी सही करणार नाही, आणि परत मसुदा पाठवायला आता वेळ नाही. टपालाचं तूच लिहिलं होतंस.

रागावू नकोस. मी थोडा हिशेब केला. शून्य मिळालं तर मला वाईट वाटेल, बाबा दोन दिवस बोलणार नाहीत, मग दार्जिलिंगला नेतील. तुला शून्य मिळालं तर काय होईल ते तू मला सविस्तर लिहिलंच आहेस. या करारात तुला कमी गुण पडतील, पण शून्य नाही. अडला हरी म्हणतात ना, तसं आहे. तुझं तू बघ.

आजोबा आशीर्वाद सांगतात.

करमचा


ढाका
९ एप्रिल १९९८

सही केली. पोस्टातल्या बाईच्या हातापाया पडून तिला ते आजच्याच थैलीत टाकायला लावलं.

तू मागे सरणार होतीस.

रेहनुमा


मागुरा
२८ मे १९९८

शर्वरी,

निकाल लागला त्या दिवशी मोतालेबसरांनी कराराची फाईल वर्गात उघडली. त्यात माझे पांढरे कागद होते, आणि गुलाबीही होता. तू गुलाबी कागद लाहिरीसरांना दिलास, त्यांनी तो इकडे पाठवला. सर वाचत गेले. त्यांना वाटलं हा धडा आहे, वर्गाला समजला पाहिजे. अब्बा, मियाभाई, भाबीची चूल, झोपेत वितळणारा बर्फ, सगळं सत्तर जणांसमोर. सई पातायचं आलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा जोरात हसला आणि मग सगळेच. सरांनी शेवटी फळ्यावर लिहिलं, “समोरच्याला आपली गरज दाखवू नये.” माझं नाव बाजूला कंसात.

आता वऱ्हांड्यात पोरं मला करमचा म्हणून हाक मारतात. मारायची. मी चौथी आले. मियाभाई स्वतः न्यायला आला. फेरीबोटीत बसल्यावर त्याने मला तिखट मुरमुऱ्यांची झालमुडी घेऊन दिली, तेव्हा मला रडू आवरेना.

कागद वेगळा होता गं. मी लिहिलं होतं, हा फक्त तुझा. केसाने गळा कापलास. एवढं कशासाठी? तू तशीही जिंकली होतीस. सह्या झाल्या होत्या. गुलाबी कागद देऊन तुला काय जास्त मिळालं?

रेहनुमा


कोलकाता
२० जून १९९८

रेहनुमा,

विचारलंस म्हणून सांगते, नाहीतर लिहिणार नव्हते. लाहिरीसरांचा नियम होता की दोघींमध्ये गेलेला प्रत्येक कागद फायलीत यायला हवा, खाजगी असो वा नसो. बाजारात खाजगी असं काही नसतं, असं ते म्हणतात. हा नियम तुला कळवायचं काम माझं होतं. मी कळवला नाही. कळवला असता तर तू गुलाबी कागद लिहिला असतास का? मग मला तुझी गरज कशी कळली असती?

गुलाबी कागदामुळे मला काय मिळालं म्हणतेस. पूर्ण गुण मिळाले. नुसता एकतर्फी करार कुणीही नशिबाने करू शकतो. मी तो कसा केला, हे त्या कागदाशिवाय दाखवता आलं नसतं.

तुझ्या सरांचं खरं होतं, तुझी बाजू भक्कम होती. पूजा माझी, घाई माझी, आजोबा माझे. तू नुसती गप्प बसली असतीस तर मार्चअखेर मीच तुझ्या पाया पडले असते. तू बोललीस. मी ‘रेहनुमाचं पत्र येऊ दे’ एवढंच म्हटलं होतं, त्यावर तू पूर्ण घर उघडून दिलंस. मला वाईट वाटतं, पण फार नाही. तू व्यापार शिकायला आली होतीस की बहीण शोधायला?

आजोबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ते तुझी चौकशी करतात. मी सांगते, मजेत आहे.

शर्वरी


कोलकाता
१८ जानेवारी १९९९

प्रिय करमचा,

सात महिन्यांनी लिहितेय. पुराचं वाचलं तेव्हा लिहायचं होतं, धीर झाला नाही. मागुरा पाण्यात गेलं होतं का? घर ठीक आहे ना?

एक काम आहे, सरळच सांगते. लाहिरीसरांनी आपल्या पत्रव्यवहारावर लेख लिहिलाय. विलायतेतलं एक मासिक तो छापणार आहे, सरांच्या नावाखाली माझं नाव. तिथल्याच विद्यापीठात मला जागा मिळतेय, पण लेख छापून आला तरच. आणि मासिकवाले म्हणतात, पत्रं जिची आहेत तिची लेखी संमती हवी. फॉर्म सोबत जोडलाय. नावं बदलू, गावं बदलू, माशाच्या जागी आंबे घालू म्हणालीस तरी चालेल. फक्त एक सही कर. एकतीस मार्चच्या आत त्यांच्या हातात पडायला हवी.

सही केलीस तर मी काहीही करीन. सरांकडून तुझ्या विद्यापीठाला चार शब्द लिहून घेईन. तुझं काय चाललंय? लग्न ठरलं का? ठरलं असेल तर साडी पाठवते.

तुझी,
करमचा


मागुरा
३ फेब्रुवारी १९९९

शर्वरी,

घर ठीक आहे. पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, मियाभाईच्या दुकानातले खालचे दोन कप्पे भिजले. लग्न ठरलेलं नाही. दोन स्थळं येऊन गेली, दोन्ही वेळा शेवयांच्या खिरीत मीठ पडलं. भाबी म्हणते, तिसऱ्या वेळी मियाभाई आधी चाखून बघणार आहे. तेव्हा मलाही फार वेळ नाही.

सही करीन. आधी तू एक काम कर. मोतालेबसरांना पत्र लिही, की खाजगी कागदाचा नियम कळवणं तुझं काम होतं आणि तू मुद्दाम कळवला नाहीस. ‘विसरले’ लिहायचं नाही, ‘मुद्दाम’ लिहायचं. खाली लाहिरीसरांची सही. त्या पत्राची प्रत मला. सर काय करतात ते मी बघेन, मग फॉर्मचं बघू.

चार शब्द नकोत. हेच शब्द हवेत.

रेहनुमा


कोलकाता
२५ फेब्रुवारी १९९९

करमचा,

लिहिलं. ‘मुद्दाम’ लिहिलं. प्रत सोबत आहे. लाहिरीसरांनी सही करण्याआधी पत्र दोनदा वाचलं, मग म्हणाले, “हे तू मलाही सांगितलं नव्हतंस.” त्यांनी माझे त्या पेपरचे गुण काढून घेतले. मी आता वर्गात पहिली नाही. पहिला कोण माहितीये? प्रबीर नावाचा एक मठ्ठ मुलगा, ज्याला अजून डॉलर आणि पौंडातला फरक कळत नाही.

चालेल. मला इथे राहायचंच नाहीये. बाबांनी गेल्या महिन्यात क्लबात जेवण दिलं, पोरगी विलायतेला चालली म्हणून. सगळे नातेवाईक येऊन गेले, आत्याने, आमच्या पिशीने, गरम कोट शिवून घेतलाय. मासिकाने लेख नाही छापला तर मी त्या सगळ्यांसमोर काय तोंड दाखवू? तू म्हणशील, हे मला कशाला सांगतेस, तूच शिकवलंस की गरज दाखवू नये. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

तुझ्या सरांनी काही कळवलं का? फॉर्म निघाला का?

करमचा


कोलकाता
१६ मार्च १९९९

रेहनुमा,

तुझं उत्तर नाही. मोतालेबसरांनी आमच्या सरांना लिहिलंय की तुझा तो पेपर रद्द केला आणि तू परत रुजू झालीस. म्हणजे तुला हवं होतं ते मिळालं. मी माझा शब्द पाळला. फिटलं ना सगळं? मला शिव्या दे, मी ऐकून घेईन. पण फॉर्म टाक. मी रोज टपालवाल्याची वाट बघत फाटकाशी उभी असते, आई विचारते कुणाचं पत्र यायचंय. गेल्या रविवारी मी आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. खरं सांगते, दया यावी म्हणूनच लिहितेय.

पाया पडते. टाक.

शर्वरी


ढाका
४ एप्रिल १९९९

शर्वरी,

तुझी सगळी पत्रं पोचली. एकतीस मार्च उलटून गेलाय, म्हणून आता निवांत लिहिते.

मोतालेबसरांनी बाकीच्या पेपरांवरून निकाल लावला आणि मी पहिली आले. मियाभाईकडे विद्यापीठाच्या शिक्क्याचं पत्र गेलं. शिक्क्याला तो फार घाबरतो. त्याने ते पत्र दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं आणि मला बसमध्ये बसवून दिलं. जाताना म्हणाला, “माझा शब्द माझा.” भाबीने वर्षभर राखून ठेवलेलं लोणचं बरणीसकट दिलं. पुढच्या वर्षापासून मी खालच्या वर्गाला शिकवणार आहे. मागुऱ्याला आता ईदलाच जाईन. हे सगळं तुझ्या एका पत्राने झालं, आणि तू ते लिहिलंस, यात काही वाद नाही. तू तुझी बाजू पूर्ण पाळलीस.

तू विचारलंस, फिटलं ना. फिटलं. राग म्हणशील तर तो मागुऱ्यातच संपला होता. पाणी ओसरल्यावर चिखल काढता काढता एक दिवस लक्षात आलं की मी तुझा विचारच करत नाहीये. मग तुझं पत्र आलं. मग पुढचं आलं. मी ती परत परत वाचायची. आधी खात्री करायला, मग आवडायला लागलं म्हणून. क्लबातलं जेवण, पिशीचा कोट, फाटकाशी उभी तू. तुझे आजोबा तुझ्या हातचं पाणी घेत नाहीत, हे वाचून मला बरं वाटलं. वाटू नये असं वाटत होतं, पण वाटलं.

मी काही ठरवून थांबले नाही. दोनदा फॉर्म घेऊन पोस्टापर्यंत गेले. दुसऱ्यांदा तर रांगेतही उभी राहिले. नंबर आला तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, “आपा, काय हवंय?” मी तिकिटं घेतली आणि परत आले. त्या संध्याकाळी हॉलमध्ये खिचडी होती, मी दोनदा वाढून घेतली.

तुझ्या फॉर्मवर सही आहे. तुझ्या पत्राची प्रत हातात पडली त्याच दिवशी केली होती, तारखेसकट. तेव्हा सहीचा काही प्रश्न नव्हता, एवढं तुला कळावं म्हणून हे पत्र.

आजोबांना माझा आदाब सांग.

रेहनुमा